सगुणाबाईची छत्तीस सुपं

काकासाहेबांनी सोमवारी माझ्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "देवानंद, जानेवारीत फर्मला दहा वर्षं होतात. एक पुस्तिका काढू. आपला इतिहास आणि आपल्या सेवा. सोळा पानं बस्स झाली. तुझा हात चांगला आहे, तूच लिही."

मी हो म्हणालो. हो म्हणायची मला खोडच आहे. पहिली तीन पानं सरसर झाली. चौथ्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात मथळा लिहून दिला होता: 'बियाणे कारखान्यातील यश, १९७६. निवडीचे काम जवळजवळ दीडपट.' त्या मथळ्याखाली चार दिवसांत माझी एक ओळ लिहून झालेली नाही. लिहायला बसलो की सगुणाबाई साळवेची बोटं दिसतात, आणि मी उठून चहा प्यायला जातो. आज गुरुवार. आज चहा नाही. खरं काय झालं ते आधी लिहितो, मग त्या पानाचं बघू.

आधी फर्मचं सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की हा खाल्ल्या मिठाला जागत नाही.

काकासाहेब मुळे जालन्याचेच. पुण्याच्या एका कारखान्यात बारा वर्षं कामाचा वेळ मोजायच्या खात्यात होते. १९७० च्या जानेवारीत नोकरी सोडून गावी आले आणि जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर पाटी लावली: 'उत्कर्ष व्यवस्थापन सल्लागार'. पहिले सहा महिने त्या पाटीनं नुसता वैताग आणला. एक जण बांधाच्या भांडणाचा सल्ला घ्यायला आला. एक नवरा-बायको पोरीसाठी स्थळ विचारायला आले आणि नाही म्हटल्यावर रागावून गेले. मोंढ्यातल्या एका शेटजींनी तर तोंडावरच सांगितलं, "सल्ल्याची फी? अहो, पानाच्या टपरीवर उभं राह्यलं की बिलकुल फुकट मिळतो!"

पहिलं काम एका तेल गिरणीनं दिलं, तेही काकासाहेबांचे मेव्हणे तिथं मुनीम होते म्हणून. काकासाहेब त्या गिरणीत आठ दिवस नुसते उभे राहिले. मालकाला वाटलं, माणूस खुळा दिसतो. नवव्या दिवशी त्यांनी सांगितलं, "शेंगदाण्याची पोती तुम्ही पुढच्या दाराशी उतरवता आणि घाण्यापर्यंत साठ पावलं वाहता. मागच्या भिंतीला दार पाडा, बारा पावलांत काम होईल." दार पाडलं. हमालांच्या पाठी वाचल्या, मालकाचा वेळ वाचला. हमाल त्या दाराला अजून 'काकाचं दार' म्हणतात. हे मी पुस्तिकेत दुसऱ्या पानावर लिहिलंय, आणि लिहिताना खरंच बरं वाटलं.

मग कामं येऊ लागली. गोदाम कसं लावायचं, यंत्र कुठं बसवायचं, कोणत्या पाळीला किती माणसं, कोणत्या कामाला किती वेळ. शेवटचं काम माझं. मी १९७४ ला लागलो. वडीगोद्रीचा, बौद्धवाड्यातला, बी.कॉम. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला मीच. काकासाहेबांनी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. हातात स्टॉपवॉच दिलं आणि महिनाभर तीन गोष्टी माझ्याकडून घोकून घेतल्या.

ज्याचं काम मोजायचं त्याला आधी आपण स्वतः जाऊन सांगायचं, का मोजतोय ते, आणि 'रोज करता तसंच करा' म्हणायचं. ही पहिली. एकदाच मोजायचं नाही, वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजायचं, ही दुसरी. तिसरी वेगाच्या रकान्याची. आमच्या तक्त्यात वेळेच्या शेजारी एक लहान रकाना असतो. घड्याळ मिनिटं सांगतं, पण समोरचा माणूस रोजच्या चालीनं करतोय की हळू की जोरात, हे घड्याळाला कळत नाही. ते मोजणाऱ्यानं ओळखायचं. रोजची चाल असेल तर शंभर लिहायचे. जोरात करत असेल तर एकशे वीस, एकशे तीस, आणि त्या मानानं कामाचा वेळ वाढवून धरायचा. "लोक बहुतेक हळूच करतात," काकासाहेब म्हणायचे. "त्यांना बरोबर कळतं की आज जास्त केलं तर ते उद्यापासून गळ्यात पडतं. कुणी जोरात करताना दिसलं तर घड्याळ थांबव आणि त्याच्याशी बोल. काहीतरी गडबड असते."

इतकं साधं शिक्षण. शाळकरी पोरानं सुद्धा पाळलं असतं.

आता सगुणाबाई.

वडीगोद्रीला आमचं घर आणि तिचं घर यांच्यात एकच भिंत. माझ्या आईची ती मैत्रीण, म्हणून माझी मावशी. उंचीनं बुटकी, बोलायला फटकळ, आणि हात असा चालायचा की जवारी निवडायला बसली तर बघणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावं. बायका तिला म्हणायच्या, "सगुणे, जरा दमानं, आमची अब्रू काढतीस का?"

१९६८ ला मी मॅट्रिकला बसलो. परीक्षेचं केंद्र अंबडला. तिथं आमचं कुणी नव्हतं, सगुणामावशीचा भाऊ होता. माझी आई तेव्हा आजारी. तर ही बाई स्वतःचा संसार सोडून, दोन वर्षांच्या... नाही, बेबीनंदा तेव्हा सात वर्षांची होती... तिला बोटाला धरून माझ्याबरोबर अंबडला आली. का, तर, "लेकरू उपाशी पोटी पेपर कसं लिहील?" आठ दिवस भावजयीच्या चुलीवर भावजयीचे टोमणे खात माझ्यासाठी भाकरी थापली. पेपर चालू असताना शाळेच्या फाटकापाशी लिंबाखाली बसून राहायची. खिडकीतून मला तिचा हिरवा पदर दिसायचा. आत काय चाललंय ते तिला ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच माहीत की एक मास्तर घड्याळ बघत फिरतो, पोरं खाली मान घालून लिहितात, आणि यात पोराचं आयुष्य ठरतं.

मी पास झालो तेव्हा तिनं वाड्यात गूळ वाटला. माझ्या आईच्या आधी वाटला, यावरून दोघींचं भांडण झालं.

बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा भिवा विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला. ती बेबीनंदाला घेऊन जालन्याला आली आणि बियाण्याच्या एका कारखान्यात निवडीला लागली. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती. काम असं: एका सुपात मापानं दोन किलो बियाणं घालून देतात. फुटके, किडके, डागी दाणे हातानं वेचून काढायचे, चांगलं पोत्यात ओतायचं, की दुसरं सूप. बाई दिवसाला चोवीस-पंचवीस सुपं करायची. सगुणामावशी सत्तावीस करायची आणि उरलेल्या वेळात शेजारणीला मदत.

मी तिला जालन्यात एक-दोनदा भेटलो होतो. तिच्या डोक्यात एकच गोष्ट. "बेबीला शाळंत बाई करायची, देवा. खुर्चीवर बसणारी. तेवढं मॅट्रिक होऊ दे, मंग तू फारम भरून दे." मी म्हणायचो, भरतो की मावशी. बेबीनंदा हुशार होती. शहात्तर साली ती नववीत होती, आणि तिची शाळा, तिची पुस्तकं, त्यांचं पत्र्याचं घर, सगळं त्या एका सुपावर चाललेलं.

शहात्तरच्या फेब्रुवारीत त्या कारखान्याचं काम आमच्याकडं आलं. आणीबाणीचे दिवस. जिकडं तिकडं शिस्तीच्या पाट्या, आणि युनियनवाल्यांची तोंडं बंद. काकासाहेबांना परभणीला दुसरं काम होतं. ते म्हणाले, "हे तू एकट्यानं कर. नीट झालं तर अहवालावर माझ्या सहीखाली तुझीही सही." माझ्या वयाच्या माणसाला ही फार मोठी गोष्ट होती. मी नवीन पँट शिवली. काळी.

सगुणामावशी तिथंच कामाला आहे हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू? रात्रभर मला एकच काळजी, तिनं सगळ्यांसमोर "अय देवा!" म्हणून हाक मारली तर?

सकाळी मॅनेजर बद्रीनाथ मला शेडमध्ये घेऊन गेले. लांबलचक पत्र्याची शेड, खाली तरटांवर चौतीस बायका ओळीत. मी दारातूनच तिला पाहिलं. तिनंही मला पाहिलं. तिचं तोंड उघडलं, हसू आलं, हात अर्धा वर गेला. जय भीम करणार होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, म्हणजे माझ्या तोंडाकडं, आणि हात खाली घेऊन पदर सारखा केला. "नमस्कार, सायेब," म्हणाली. इतर बायकांसारखंच.

माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, तिनं पाहिलं. ते पाहून ती बाई गप्प झाली. माझ्यासाठी तिनं जय भीम गिळला, आणि मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं! आजही हे लिहिताना कान तापतात.

आता पहिला नियम. मी स्वतः जाऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसायचं आणि सांगायचं. पण बोलायला गेलो तर तिच्याशी बोलावं लागणार. तिच्याशी बोललो तर तोंडातून वडीगोद्री बाहेर पडणार, आणि बद्रीनाथसाहेबांना कळणार की पुण्याच्या पद्धतीचा हा सल्लागार त्या तरटावरच्या बाईचा कोण लागतो. म्हणून मी बद्रीनाथांना म्हणालो, "तुम्हीच सांगा ना, तुमच्या ओळखीच्या आहेत." ते ओरडले, "ए बायांनो, साहेब बघायला आलेत. बराबर काम करा!"

झालं सांगून.

मी पाच जणींची नावं काढली. सगुणामावशी त्यात होती. तिला वगळता आलं असतं, पण मी वगळलं नाही. तिचा हात मला माहीत होता. आकडा चांगला येणार हे मला माहीत होतं.

मी खुर्चीवर बसलो, घड्याळ हातात घेतलं, तक्ता मांडीवर. बद्रीनाथ माझ्या मागं उभे. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्या घड्याळाकडं, एकदा माझ्या कागदाकडं. मग शेजारणीकडं वाकून काहीतरी पुटपुटली. ते पुढं पुढं सरकत पाचही जणींपर्यंत गेलं. आणि त्या पाच बायकांनी जे काम सुरू केलं, तसं काम मी ना आधी पाहिलं ना नंतर. एक मान वर होईना. एक शब्द नाही. शेडमध्ये एरवी केवढा कलकलाट असायचा, सासवांच्या तक्रारी, सिनेमाची गाणी. त्या ओळीत फक्त दाण्यांचा आवाज. पाणीवाली आली, मावशीनं मानेनंच तिला घालवली. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट सुपाच्या काडीनं कापलं, रक्त आलं. तिनं ते पदराला पुसलं आणि सूप थांबू दिलं नाही.

बारा मिनिटं. पुन्हा बारा. पुन्हा बाराच्या आत.

मला कळत होतं. कुणी म्हणेल, नवीन होता, कळलं नसेल. सपशेल कळत होतं! वेगाच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली होती आणि आतून कुणीतरी सांगत होतं, एकशे तीस लिही. घड्याळ थांबव. उठून तिच्याशी बोल. काहीतरी गडबड आहे. मी मान खाली घातली आणि पाचही जणींपुढं शंभर-शंभर लिहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मोजायला गेलोच नाही. पहिल्या दिवसाचेच आकडे थोडे इकडंतिकडं करून भरले.

एकशे तीस लिहिले असते तर दिवसाची सुपं अठ्ठावीस निघाली असती. शंभर लिहिल्यानं छत्तीस निघाली. छत्तीस बघून बद्रीनाथ माझा हात सोडीनात. "मुळेसाहेबांनी हिरा ठेवलाय," म्हणाले. अहवालावर माझी सही झाली. मी ती घरी येऊन पुन्हा पुन्हा पाहिली.

मार्चपासून छत्तीस सुपं लागू झाली. ज्या बाईला जमणार नाही तिनं दुसऱ्या दिवशी यायचं नाही. पहिल्या आठवड्यात नऊ जणी गेल्या. मला वाटलं होतं, बाकी कुणीही जावो, सगुणामावशी टिकेल, तिचाच तर आकडा. ती एकवीस दिवस टिकली. एक दिवस बारा मिनिटांनी सूप करणं वेगळं आणि रोज उठून करणं वेगळं. कापलेलं बोट पिकलं, तिनं चिंधी बांधून काम केलं. चिंधीनं हात मंदावला. मग एकतीस, एकोणतीस, आणि मग मुकादमीण कांताबाईनं तिला फाटकातच अडवलं. स्वतःच्या आकड्याला ती स्वतः पुरली नाही.

हे मला एप्रिलमध्ये बद्रीनाथांकडूनच कळलं, बोलता बोलता. "ती बुटकी होती ना, जोरात काम करणारी, ती पण गेली बघा." मी म्हणालो, "अस्सं." अस्सं!

तिसऱ्या दिवशी मी तिच्या पत्र्याच्या घरी गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पावशेर जिलबी नेली, तीही आता आठवली की मेल्याहून मेल्यासारखं होतं. मावशी दारात बसली होती. बोट काळं पडलेलं, वाकत नव्हतं. मला बघून तिचं तोंड असं फुललं की मला परत फिरावंसं वाटलं.

"ये रे देवा! बस. बेबे, पाणी आण मामाला... मामा काय म्हनून राह्यले मी, दादाला." बेबीनंदा पाणी घेऊन आली. दुपारची वेळ होती, वार बुधवार. मी विचारलं, "हिची शाळा?"

"काढली शाळंतून," मावशी म्हणाली. "आता जाईल अंबडला मामाकडं कामाला. शेतात. जाऊ दे ते. तू आधी सांग, पास झालास ना?"

"काय पास?"

"तवाची परीक्षा रे! त्या कारखान्यात. तू आल्ता ना सुटाबुटात. तो मॅनेजर तुह्या मागं उभा, हातात घड्याळ, तू लिहून राह्यला खाली मान घालून. मला बघता बरुबर कळलं, लेकराची परीक्षा हाय. मी बायांला सांगतलं, 'आपल्या वाड्यातला पोरगा हाय, आज कुनी मान वर करायची न्हाई. आपन ढिलं केलं तर त्यो नापास व्हईल.' कशा झटल्या बिचाऱ्या!" मग पुढं वाकून हळूच म्हणाली, "वळख दावली न्हाई म्हनून राग न्हाई ना आला? म्हनलं, लोकाईसमोर कामून तुला खाली बघाय लावू."

मला राग आला का, हे ती मला विचारत होती.

लिंबाखाली बसून तिनं मॅट्रिक पाहिली होती. घड्याळ, कागद, मागं उभा मास्तर. तिच्या हिशोबानं त्या दिवशी शेडमध्ये अगदी तेच चाललं होतं. आणि तिच्या मते तिचं काम एकच, पोराला उपाशी ठेवायचं नाही.

त्या वेळी सांगायला हवं होतं. बेबीनंदा अजून गेली नव्हती, नववी बुडायची होती, काकासाहेबांकडं जाऊन आकडा बदलता आला असता. पण बदलायचा म्हणजे सही खोटी ठरणार, आणि मला ठेवतील की घालवतील कुणास ठाऊक. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"झालो, मावशी," मी म्हणालो. "पास झालो."

"मंग!" ती म्हणाली आणि त्या वाकड्या बोटाच्या हातानं माझ्या तोंडावरून बोटं उतरवून कानशिलावर कडाकडा मोडली. एक बोट मोडलं नाही, ते वाकतच नव्हतं.

जिलबीचा पुडा तिथंच उंबऱ्यावर ठेवून मी निघालो.

शुक्रवार.

वरचं सगळं सकाळी काकासाहेबांना दिलं. म्हटलं, चौथं पान तयार आहे, जरा मोठं झालंय. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मधे एकदा उठून खिडकी लावली, खालचा कापड दुकानाचा आवाज येत होता म्हणून. मी मनात टेबलाचे खण रिकामे करायला लागलो होतो.

"छत्तीस बघून मलाही शंका आली होती," ते म्हणाले. "गिऱ्हाईक खूश होतं. मी विचारलं नाही. मोठा मी होतो."

मी म्हणालो, "कारखान्याला आज पत्र लिहितो. आकडा चुकीचा होता, अठ्ठावीस हवा."

"लिही. पण तुला माहीत नाही का? त्यांनी गेल्या वर्षी निवडीचं यंत्र आणलं. शेडमध्ये आता एक बाई नाही. तुझा छत्तीसही कुणाला नको आणि अठ्ठावीसही नको."

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्या रस्त्यानं गेलोच नाही, वळसा घालून जायचो.

काकासाहेबांनी कागद माझ्याकडं सरकवले. "तिला सांगितलंस का हे?"

"नाही."

"मग मला काय वाचायला देतोस? पहिला नियम काय होता आपला? जा, ऊठ."

मावशी कुठं असते हे मला ठाऊक होतं. जुन्या मोंढ्यात धान्याची पोती चढवता-उतरवताना जे दाणे सांडतात, ते झाडून घ्यायची दुकानदार काही बायकांना मोकळीक देतात. माती-खडे-दाणे असा तो सगळा ऐवज. त्या बायका तो पाखडतात, निवडतात, आणि ते धान्य विकतात. सगुणामावशी दीड वर्ष तेच करतेय. बेबीनंदाचं गेल्या साली लग्न झालं, वाटूरला दिली. सतरावं लागलं होतं. मला पत्रिका आली होती. मी कामाचं निमित्त सांगितलं.

दुकानामागच्या गल्लीत ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप. मी लांबूनच मोठ्यानं हाक मारली, "मावशे! जय भीम!" दोन हमाल वळून बघायला लागले.

"अरे हळू," ती दचकून म्हणाली, "लोकं बघून राह्यले."

"बघू दे." मी तिच्यासमोर मातीत बसलो. आणि सांगितलं. सगळं. घड्याळ कशाला होतं, कागद कशाला होता. वेगाचा रकाना तिला कळावा म्हणून मी खड्यांनी मांडून दाखवला, हे रोजचं, हे त्या दिवशीचं, हे मी लिहिलं. शंभर म्हणजे काय आणि मी ते माहीत असून लिहिलं, हेही. ती ऐकताना निवडत होती. वाकडं बोट वर धरून बाकीच्या तीन बोटांनी. मी सांगत गेलो तसा तिचा हात मंद मंद होत थांबला.

"म्हंजी ती तुही परीक्षा नव्हती?"

"नव्हती. तुमची होती. तुम्ही जेवढं जोरात केलं तेवढं रोजचं ठरलं. मी ठरवलं."

"आन मी बायांला सांगतलं," ती स्वतःशीच म्हणाली. "गिरिजा, सोनू, समद्या घरी बसल्या. मीच सांगतलं त्यांला, मान वर करू नका म्हनून."

"तू नाही गं मावशी, मी..."

"मंग तवाच यायचं ना जवळ!" ती एकदम ओरडली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. "सायेब म्हनून खुर्चीवर बसला! दोन पावलं यायचं, 'मावशे, रोजच्यावानी कर' म्हनायचं. इतकंच तर व्हतं. आमी हळू केलं असतं. आमाला काय हळू करता येत न्हाई?"

मी मान खाली घातली. मातीत मीच मांडलेले खडे होते. मग तिनं मांडीवरचं सूप पुन्हा सारखं केलं आणि डोळे पुसून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बेबीला यातलं काही सांगू नकोस. तिला पोरगा झालाय. त्याला रोज तुहं नाव सांगती. म्हनती, तुहा मामा मोठा सायेब हाय, तुलाबी तसं व्हायचं. तेवढं राहू दे तिच्यापाशी. सांगनार न्हाईस ना?"

मी हो म्हणालो.